पिल्लं आधी बसली

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पुण्याहून मुकादम बाईंचा फोन यायचा आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय म्हणतेय आई?"

आई म्हणजे दोन इंचांची एक मासोळी. कौस्तुभ शेट्येच्या देवरुखातल्या घरी, मागच्या खोलीत, भिंतीशी मांडलेल्या काचेच्या टाक्यांपैकी एकीत ती असायची. कौस्तुभ फोन कानाला लावून खुर्ची ओढून बसायचा आणि सांगू लागायचा. आज तिने पिल्लांना डावीकडच्या बदामाच्या पानावर चरायला नेलं. मध्येच नर जवळ आला तेव्हा तिने पोटाखालचे पर दोनदा झटकले आणि पिल्लं जागच्या जागी तळाला बसली. संध्याकाळी दोन चुकार पिल्लांना तोंडात धरून करवंटीत नेऊन सोडलं. बाई मधूनमधून विचारायच्या, किती वेळ बसली, पहिलं कोण उठलं. तो तेही सांगायचा.

"माझ्याकडेही अगदी असंच व्हायचं," बाई म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात आनंद असायचा.

त्यांच्याकडे असंच व्हायचं यात नवल नव्हतं. कौस्तुभच्या मांडीवर त्या वेळी बाईंचीच जुनी वही उघडी असायची आणि तो तिच्यातलं वाचून दाखवत असायचा. समोरच्या टाकीत आई एकटी होती. पिल्लं दुसऱ्या टाकीत, एका यंत्रापाशी वाढत होती.

रझिया मुकादम यांनी देवरुखच्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. आठवीत असताना कौस्तुभने त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब पाहिला होता. पुढे तो रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाला, तो त्या एका तासामुळे, असं तो सगळ्यांना सांगायचा. बाई निवृत्त झाल्यावर तो दर रविवारी त्यांच्या घरी मासे पाहायला जाऊ लागला.

बाईंकडचे मासे बाजारात मिळणाऱ्यांतले नव्हते. दक्षिण अमेरिकेतल्या एका जंगलातल्या लहानशा ओढ्यात, कुजलेल्या पानांच्या थरात राहणारी ही ठेंगण्या सिक्लिड माशांची एक जात. तिचं लॅटिन नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून बाईंनी तिला हळदुली म्हणायला सुरुवात केली. एरवी राखाडी दिसणारी मादी अंडी घातली की दोन दिवसांत हळद माखल्यासारखी पिवळी होते आणि पिल्लं वाढेपर्यंत तशीच राहते. तिला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. जांभ्या दगडातून झिरपलेलं देवरुखच्या विहिरींचं पाणी तिला आयतंच मानवलं. वाळलेली बदामाची पानं आणि पालथी घातलेली नारळाची करवंटी मिळाली की तिचा संसार उभा राहायचा. पुढे तो ओढा एका धरणाच्या जलाशयाखाली गेला. जगात राहिलेल्या सगळ्या हळदुल्या मग लोकांच्या घरातल्या टाक्यांमध्येच होत्या.

२०३८ साली बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. समोरच्याचा चेहरा दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसे. त्यांची मुलगी नाझनीन पुण्याला डॉक्टर होती, तिने त्यांना उपचारासाठी आपल्याकडे नेलं. जाण्याआधी बाईंनी तरुण माशांच्या तीन जोड्या आणि बावीस वर्षांच्या निरीक्षणांच्या अकरा वह्या कौस्तुभच्या घरी आणून ठेवल्या.

"एकच सांगते," त्या म्हणाल्या. "पिल्लं आईपासून वेगळी करायची नाहीत. मेली तरी चालतील."

कौस्तुभने शब्द दिला. देताना त्याच्या मनात काहीही काळंबेरं नव्हतं.

पहिल्या मादीने अंडी घातली आणि तिसऱ्या दिवशी खाऊन टाकली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, शिकेल, तू मध्ये पडू नकोस. दुसऱ्या मादीची सत्तर पिल्लं पोहायला लागली. मिठाच्या पाण्यात उबवलेल्या आर्टेमिया या इवल्या जिवांचे नारिंगी ठिपके गिळून त्यांची पोटं रंगलेली त्याने भिंगातून पाहिली. पाचव्या दिवशी भरदुपारी वीज गेली आणि अर्ध्या तासाने एकदम आली. झगझगीत उजेडाने मादी बिथरली आणि कौस्तुभ कामावरून परत येईपर्यंत एकही पिल्लू शिल्लक नव्हतं. टाकीवरचा दिवा हळूहळू उजळणारा लावायला बाईंनी सांगितलं होतं. ते त्याच्याकडून राहून गेलं होतं.

हे त्याने बाईंना सांगितलं नाही. पिल्लं छान आहेत, असं म्हणाला. पुढच्या गुरुवारपर्यंत दुसरी पिल्लं झालेली असतील, असा त्याचा हिशेब होता. तिसऱ्या मादीने अंडी घातली तशी त्याने करवंटी अंड्यांसकट उचलली, वेगळ्या टाकीत ठेवली आणि तिथे धात्री लावली.

धात्री तोवर मासे पैदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी पोचली होती. या माशांच्या मादीची आणि पिल्लांची एक भाषा असते, हे पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. मादी पोटाखालचे पर झटकते, अंग थरथरवते, त्यातून पाण्यात अगदी बारीक लाटा उठतात. पिल्लांच्या अंगावरच्या संवेदनशील रेषेला त्या जाणवतात. एका झटक्याचा अर्थ 'खाली बसा', दुसऱ्याचा 'माझ्यामागे या', तिसऱ्याचा 'आता चरा'. काही तरुण अभियंत्यांनी हजारो तासांचं चित्रीकरण यंत्राला दाखवून अशा सव्वीस खुणा वेगळ्या काढल्या आणि पोस्टकार्डाएवढी एक काळी पट्टी बनवली. ती टाकीत काचेला चिकटवायची. तिच्यातल्या सूक्ष्म चकत्या पाण्याला हव्या त्या लयीत हलके धक्के देत, पडद्यावर पिवळ्या-काळ्या उजेडाचे डाग उमटत आणि कॅमेरा प्रत्येक पिल्लावर नजर ठेवी. आई दमते, घाबरते, भूक लागली की स्वतःचीच पिल्लं गिळते. धात्री यातलं काही करत नसे. शंभरातली पंचाण्णव पिल्लं जगत, आणि मोकळी झालेली मादी पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घाली.

कौस्तुभची एक्याऐंशी पिल्लं जगली.

"सगळी आईनेच सांभाळली?" बाईंनी विचारलं.

"हो."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला बावीस वर्षांत एवढी कधी जमली नाहीत रे. तुझा हात वेगळाच आहे."

पुढच्या खेपेला आईपाशीच ठेवू, असं त्याने ठरवलं. पण पुढच्या खेपेला एक्याऐंशीच्या जागी बारा पिल्लं राहिली तर बाईंना काय सांगायचं, हा प्रश्न होता. म्हणून पुढच्या खेपेलाही धात्रीच लागली, आणि त्याच्या पुढच्याही.

बाई पुण्यात ज्याला त्याला त्याच्याबद्दल सांगू लागल्या. कोल्हापूर, नागपूर, बंगळूरहून लोक त्याच्याकडे हळदुल्या मागू लागले. सगळीकडे धात्रीवर वाढलेले मासे असताना आईने वाढवलेले मासे ही अपूर्वाई होती. पिशवीवर तो स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावायचा: 'मुकादम वंश. आईने वाढवलेले.' प्रयोगशाळेत एकोणीस वर्षांत त्याने कुणाच्या अहवालात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. चिठ्ठी लिहिताना ते त्याला आठवायचं, आणि तो अक्षर जरा जास्तच वळणदार काढायचा.

त्याची बायको शलाका तालुक्याच्या ग्रंथालयात होती. मागच्या खोलीत ती फारशी जात नसे. एका गुरुवारी ती कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेली असताना तिला त्याचं फोनवरचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं. फोन संपल्यावर ती आत आली. तिने यंत्र पाहिलं, वही पाहिली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"तू इतकं छान सांगत होतास," ती म्हणाली, "की मलाही ती आई दिसायला लागली होती."

एवढं बोलून ती गेली. त्यानंतर गुरुवारी साडेसात वाजता ती घराबाहेर पडू लागली. कधी देवळात जायची, कधी नुसती बाजारात. कुठे जातेस, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कौस्तुभने धात्री काढून कपाटात ठेवली. आता सगळं रीतसर करायचं, झालेलं बाईंना हळूहळू सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. बाईंनी दिलेल्या मूळ माद्यांपैकी दोन तोवर मेल्या होत्या आणि तिसरीचं अंडी घालणं थांबलं होतं, म्हणून तिला त्याने कुठेशी देऊन टाकलं होतं. आता होत्या त्या यंत्रावर वाढलेल्या पिढ्या. त्यांतल्या एका मादीने अंडी घातली. ती पिवळी झाली, अंड्यांवर पहारा देत राहिली, पाणी हलवून त्यांना वारा घालत राहिली. कौस्तुभचा जीव भांड्यात पडला. आठव्या दिवशी पिल्लं करवंटीतून वर आली, आणि मादी त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. तिचे पर हलले नाहीत, अंग थरथरलं नाही. पिल्लं टाकीभर पांगली. एखादं तिच्या तोंडासमोरून गेलं की ती ते गिळे, जसा आर्टेमिया गिळावा तसं. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली.

त्याने दुसरी मादी लावली, मग तिसरी. चार महिन्यांत बारा माद्यांची बारा वेळा हीच गत झाली. एक मादी तर पिल्लं सोडून सारखी काचेच्या एका कोपऱ्याशी जाऊन उभी राहायची. त्या कोपऱ्यात ती लहान असताना धात्री लावलेली होती.

याच सुमारास त्याला डॉ. साळगावकरांचा फोन आला. त्या मत्स्यजीवशास्त्रज्ञ होत्या. वय बेताचं, बोलणं घाईचं. त्यांनी सांगितलं की मूळ ओढ्याजवळचा तसाच एक ओढा आता संरक्षित झाला आहे आणि हळदुली तिथे पुन्हा सोडायची असं ठरतं आहे. पण अडचण अशी की जगभरातून गोळा केलेल्या माशांतली एकही मादी पिल्लं वाढवत नाही. त्यांनी कारणही सांगितलं. जन्मल्यापासूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लू दोन गोष्टी एकदम शिकतं. खूण ओळखायला शिकतं, आणि ती खूण करणारं शरीर कसं हलतं हे पाहून ठेवतं. मोठं झाल्यावर मादी तेच शरीर आठवून हलते. धात्रीने पिल्लांना खुणा शिकवल्या, पण तिला शरीरच नव्हतं. चार-पाच वर्षांत सगळी जात मुकी झाली, आणि मासे भराभर वाढत होते म्हणून ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ओढ्यात तर धात्री लावता येणार नव्हती.

"रझिया बाई म्हणाल्या, त्यांचा वंश तुमच्याकडे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या माहितीत दुसरा कुठेही उरलेला नाही. पुढच्या महिन्यात मी बाईंना घेऊनच येते. त्याआधी एखाद्या आईचं चित्रीकरण पाठवाल का?"

सांगायची वेळ तीच होती. त्याने तोंड उघडलं आणि "पाठवतो" म्हणाला.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याने जे केलं ते मन लावून, बारकाईने केलं. टाकीच्या मागच्या काचेला काळा कागद होताच. त्यावर आतून धात्रीची पट्टी चिकटवली, तिच्या पडद्याचा उजेड बंद केला, पुढे एक लाकडाचा ओंडका आणि पानं ठेवली. समोर पिवळी झालेली मादी आणि तिची पिल्लं सोडली. मादी मधोमध राहावी आणि भरल्या पोटी पिल्लांच्या वाटेला जाऊ नये म्हणून तिचं खाणं तो तिथेच सोडू लागला. यंत्राच्या खुणांनी पिल्लं तिच्या आजूबाजूला गोळा झाली, बसली, उठली, तिच्यामागून फिरल्यासारखी दिसली. मादीही अधूनमधून पर हलवत होती, कोणताही मासा हलवतो तसे. दोन दिवसांच्या चित्रीकरणातून त्याने चार मिनिटं निवडली आणि पुण्याला पाठवली.

फोन आला तो शनिवारी सकाळी. कौस्तुभ प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या लावत होता. बाईंनी आईची चौकशी केली नाही. नाझनीनने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावून दिलं, म्हणाल्या. मधलं काही दिसत नाही, पण मान वळवली की कडेने हालचाल दिसते. उलट हालचालच तेवढी दिसते. अकरा वेळा पाहिलं, म्हणाल्या.

"कौस्तुभ, पिल्लं आधी बसली. आई नंतर हलली."

शेजारचं यंत्र नळ्या फिरवत होतं, त्याचा आवाज बाईंना ऐकू जात असणार.

"कधीपासून?"

"तिसऱ्या वेळेपासून."

"म्हणजे पहिल्यापासूनच," बाई म्हणाल्या. आणि मग, "त्या गुरुवारच्या गोष्टी?"

"तुमच्या वह्यांतल्या."

त्यांनी फोन ठेवला. कौस्तुभने उरलेल्या काचपट्ट्या तपासल्या, अहवाल लिहिले, प्रत्येक आकडा दोनदा पडताळला. घरी येऊन त्याने शलाकाला सांगितलं, तेव्हा तिने फक्त बाई काय म्हणाल्या ते विचारलं. तो सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती, आणि ती आपल्याला वाचवते आहे की टाळते आहे, हे त्याला कळेना.

ठरल्या दिवशी डॉ. साळगावकर आणि बाई आल्या. बाई दारातच थांबल्या, चहा नको म्हणाल्या. कौस्तुभने डॉक्टरांना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. त्या एकच बोलल्या: या वंशावर दोन वर्षांचं काम आखलेलं होतं. बाई मात्र रागाचं काही बोलल्या नाहीत. त्यांनी कामाचं विचारलं. मी दिलेल्या तीन माद्यांचं काय झालं? दोन मेल्या. आणि तिसरी?

तिसरी त्याने दीड वर्षापूर्वी स्टँडजवळच्या दातांच्या दवाखान्यात दिली होती. अंडी घालेनाशी झालेली मासोळी जागा अडवून बसते, म्हणून. हळदुली पाच वर्षं जगते. ती साडेचारची असणार, असली तर.

तिघंही गाडीने तिकडे गेले. दवाखान्यात गाल सुजलेली दोन-तीन माणसं बाकावर बसली होती. कोपऱ्यात हिरवट पाण्याची एक टाकी होती आणि तिच्यात गप्पी माशांचा सुळसुळाट. तिच्या एका टोकाला, प्लास्टिकच्या किल्ल्यामागे, झिजलेल्या परांची एक म्हातारी मादी होती. पिवळी जर्द. तिच्याभोवती गप्पींची पंधरा-वीस पिल्लं घोळक्याने फिरत होती.

काउंटरवरची बाई म्हणाली, "ती गप्पींची पोरं पळवते. सोडतच नाही त्यांना. आम्हाला वाटलं खाईल, पण खात नाही, दिवसभर नुसती फिरवते."

मुकादम बाई टाकीपाशी जाऊन बसल्या. कौस्तुभ त्यांच्या अगदी जवळ होता. त्यांनी मान तिरकी केली आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही सांगा. काय करतेय ती?"

डॉक्टर मागून पुढे आल्या. कौस्तुभ बाजूला सरकला. डॉक्टरांनी सांगितलं की ती पोटाखालचे पर झटकते आहे, पिल्लांना कळत नाही, ती भलत्याच जातीची आहेत, पण ती झटकतेच आहे. मग त्या बोलायच्या थांबल्या, कारण बाई रडत होत्या. कौस्तुभला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि तो हात आपला आहे हे लक्षात येऊन त्याने तो खिशात घातला.

म्हाताऱ्या मादीला अंडी होणार नव्हती, पण या माशांच्या माद्या परकी पिल्लंही स्वीकारतात. बाईंनी आपलं देवरुखचं बंद घर उघडलं. नाझनीनने फार विरोध केला, पण बाई परत गेल्या नाहीत. कौस्तुभच्या टाक्यांतल्या मुक्या माद्यांची अंडी उबवून, पिल्लं पोहायला लागण्याच्या दिवशीच ती म्हातारीच्या टाकीत सोडायची, असं ठरलं. अंडी आणून देणं हे कौस्तुभचं काम होतं. तो डबा दारात ठेवायचा आणि परत जायचा. आत यायला बाईंनी त्याला मनाई केली नव्हती, पण ये असंही म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी म्हातारीने पिल्लांना हुसकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पर झटकले आणि पिल्लं तळाला बसली. तिच्या हातून दोन वेळची मिळून सत्तेचाळीस पिल्लं वाढली. दुसरी वेळ संपल्यावर आठवड्याभरात ती मेली. तिच्यापाशी वाढलेल्या एकोणीस माद्यांपैकी आठ-नऊ महिन्यांनी पाच जणींनी आपली पिल्लं स्वतः सांभाळली, बाकीच्यांनी खाल्ली. पाच पुरतील की नाही, हे डॉ. साळगावकरांनाही सांगता येत नव्हतं.

दरम्यान कौस्तुभने, ज्यांना ज्यांना त्या चिठ्ठ्या लावून मासे दिले होते, त्या त्रेचाळीस जणांना पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी शिव्या दिल्या. नागपूरच्या एका गृहस्थाने लिहिलं, आमच्या मुलीने तुमच्या माशांवर शाळेत प्रकल्प केला होता, तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आता तिला काय सांगू ते तुम्हीच कळवा. त्या पत्राचं उत्तर लिहायला कौस्तुभला महिना लागला. लिहिलेलं त्याने शलाकाला दाखवलं. तिने एक ओळ खोडली, ज्यात त्याने विजेचं कारण दिलं होतं, आणि बाकीचं राहू दिलं. त्या रविवारी पत्र टाकायला दोघं बरोबर गेले.

आईने वाढवलेले मासे एकाच घरी ठेवणं धोक्याचं होतं. बाईंनी ते सांभाळणारी नवी माणसं तयार करायला घेतली. महिन्यातून एका रविवारी पाच-सहा जण त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसत. पहिल्या वेळी बाईंनी कौस्तुभला निरोप पाठवला की ये आणि काय झालं ते यांना सांग. तो गेला. सांगायला पाऊण तास लागला, दोनदा पाणी प्यावं लागलं. सांगून झाल्यावर सगळे आत टाक्यांपाशी गेले आणि तो घरी आला. पुढच्या महिन्यात नव्या लोकांना पुन्हा सांगितलं, तेव्हा वीस मिनिटं लागली. तिसऱ्या महिन्यात दहा. सरावाने गोष्टीला धार येत होती. लोक योग्य जागी श्वास रोखायचे, आणि हे त्याला कळायचं.

तिसऱ्या वेळी तो जायला निघाला असताना बाई म्हणाल्या, "दर वेळी काहीतरी गाळतोस तू."

"सगळं सांगितलं, बाई."

बाई आत टाक्यांकडे वळल्या.

चौथ्या महिन्यात सहा जण होते. त्यांत कराडची एक तरुण मुलगी सगळं वहीत लिहून घेत होती. कौस्तुभने पहिल्यापासून सांगितलं. शब्द, वीज, धात्री, गुरुवारचे फोन, ओंडक्यामागची पट्टी. बाई अकरा वेळा पाहतात तिथपर्यंत तो आला. एरवी इथून तो थेट फोनवर जायचा. आज तो थांबला.

"चित्रीकरण पाठवायच्या आधी," तो म्हणाला, "मी नाझनीनताईंना फोन केला होता. बाईंची नजर आता कितपत आहे, असं विचारलं. काळजीनेच विचारल्यासारखं. त्या म्हणाल्या, आणखी उतरलीय." त्याचा आवाज खाली गेला. "ते ऐकून मला बरं वाटलं. म्हणून मी ते पाठवलं."

कराडच्या मुलीचं पेन थांबलं होतं. आतल्या खोलीतून टाक्यांमधल्या हवेच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. बाई खुर्चीत मान वळवून, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अनोळखी माणसाला त्या दुसरीकडेच पाहत आहेत असं वाटलं असतं. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "नाझनीनने मला तेव्हाच सांगितलं होतं, तुझा फोन आला म्हणून. किती काळजी करतो, म्हणाली."

मग त्यांनी सगळ्यांना आत चलायला सांगितलं. काचेवर बोट लावायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, एका टाकीपाशी दोघांनीच उभं राहायचं. माणसं उठली, सतरंजी सरकली. कौस्तुभ चपला घालायला दाराकडे वळला.

"तुला वेगळं सांगायचं का?" बाई आतून म्हणाल्या. "ये. मागे उभा राहा."